इंजिन बदललं आणि गाडीची ओढ गेली

नवं इंजिन बसवल्यावर पहिल्या पंधरवड्यात आमच्या ट्रकचं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते धुराचं. म्हणजे धूर नसण्याचं. पीयूसीवाल्या पोरानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, माझ्याकडून चार-पाच वेळा रेस मारून घेतली आणि म्हणाला, "मालक, सत्त्याण्णवची गाडी आणि असला रिझल्ट? नव्या गाड्या असा देत न्हाईत." मी खूश होऊन त्याला चहा पाजला, पावती घडी करून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली. त्या पावतीवर काय काय छापलंय ते मी अडीच महिन्यांनी वाचलं. त्याच दिवशी वाचलं असतं तर निदान एक फेरा तरी वाचला असता.

गाडी टाटाची, सहाचाकी, सपाट तोंडाची, १९९७ चं पासिंग. अण्णांनी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आम्ही राहतो कराडला आणि आमचा धंदा गुहागर-विजापूर रस्त्यावरचा. कराडहून पशुखाद्य, सिमेंट, कधी गूळ असा माल खाली चिपळूणला न्यायचा आणि येताना जांभा चिरा भरून आणायचा. म्हणजे उतरताना भरलेली आणि चढतानाही भरलेली. कुंभार्ली घाट रिकाम्या गाडीनं चढायचं भाग्य आम्हाला क्वचितच लाभतं.

मूळ इंजिन ६९७, बिनटर्बोचं, म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणारा टर्बोचा पंखा नसलेलं. या आकड्याचा अर्थ बरेच ड्रायव्हर सांगत नाहीत, पण तो साधा आहे: सहा सिलेंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १२८ चा, सगळं मिळून ५६७५ सीसी. चार सिलेंडरचं ४९७ तसंच. १९५४ ते १९६९ या काळात टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, मर्सिडीज-बेंझशी करार होता, त्या घराण्यातलं हे खोड. कुठल्याही तालुक्याच्या गावात त्याचे पार्ट मिळतात आणि कुठलाही मेस्त्री ते डोळे झाकून उघडतो. आमच्या इंजिनानं दोनदा बोअरिंग करून घेतलं होतं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच नाही. पाटणच्या अलीकडं, सकाळी सहाच्या सुमाराला, खालून धाडकन आवाज आला आणि रस्त्यावर तेलाचा पट्टा उमटला. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. भोकातून हात जाईल एवढी जागा झाली होती. क्लीनरनं खरंच हात घालून बघितला आणि भाजून घेतला.

जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडं ६९७ चंच टर्बोवालं इंजिन मिळालं. अपघातात सापडलेल्या गाडीचं, चालू बघून घेतलेलं, डिझेल पंपासकट सव्वा लाख. आमचे मेस्त्री म्हणाले, "ब्लॉक त्योच हाय, फाउंडेशनही तेच, बेल हाउसिंगही तेच. भोकाला भोक जुळतंय. वर टर्बो बसला की झालं." आणि खरंच सहा दिवसांत इंजिन खाली बसलं. टर्बोला तेलाची नळी, मोठा एअर फिल्टर, सायलेन्सरचा पुढचा तुकडा नवा. आरटीओची आधी परवानगी, मग पेन्सिल घासून नंबरचा ठसा, मग आरसीवर नवा नंबर, यात आणखी एक आठवडा गेला. ते इथं सांगत बसत नाही. ज्यानं केलंय त्याला माहिती आहे, ज्यानं केलं नाही त्याला पटणार नाही.

पहिला सेल मारला आणि इंजिन अर्ध्या फेऱ्यात लागलं. आवाज असा की अण्णा गुडघे दुखत असताना खुर्चीतून उठून आले. मेस्त्रींचे अठरा हजार मी त्याच दिवशी दिले. तिथंच, माझ्या मते, आमची खरी चूक झाली. इंजिन चालू झालं म्हणजे काम संपलं असं मेस्त्रींनीही धरलं आणि मीही.

पहिली भरलेली फेरी. चिपळूण सोडलं, अलोरे, शिरगाव, तोपर्यंत काही वाटलं नाही. सपाटीला गाडी बरी पळत होती, थोडी जड वाटली तरी नवं इंजिन म्हणून मी मनावर घेतलं नाही. पोफळी मागं पडली, चढ लागला. पहिल्या मोठ्या वळणाआधी मी सवयीनं दुसरा टाकला. जुनं मेलेलं इंजिनसुद्धा इथून दुसऱ्यात वर जायचं, मधेमधे तिसराही घ्यायचं. हे टर्बोवालं इंजिन दुसऱ्यात हळूहळू बसत गेलं, बसत गेलं, आणि वळणाच्या तोंडावर मला पहिला घ्यावा लागला. पाय पार तळाला टेकलेला. गाडी थरथरत नव्हती, फटफटत नव्हती, गरम होत नव्हती. फक्त ओढत नव्हती. मागं एसटी, तिच्यामागं दोन डंपर आणि दहा-बारा गाड्या. क्लीनर चाकामागं टाकायचा लाकडी ठोकळा घेऊन दार उघडून पायरीवर उभा. हेळवाकला पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि पाणी प्यायलो.

रात्री अण्णांनी विचारलं, "धूर कसा टाकती?"

"अजिबात नाही," मी अभिमानानं सांगितलं.

"हं," अण्णा म्हणाले आणि टीव्हीकडं बघायला लागले.

मेस्त्रींचं पहिलं निदान, इंजिन अजून सेट झालेलं नाही. दोन हजार किलोमीटर जाऊ द्या, मोकळं होईल. आता हे इंजिन नवं नव्हतं, रिबोअरही नव्हतं, जुनं चालतं इंजिन जसंच्या तसं बसवलं होतं. त्याला मोकळं व्हायचं काय उरलं होतं? पण माणसाला वाट बघायला सांगितलं की बरं वाटतं. आम्ही तीन आठवडे वाट बघितली. गाडी मोकळी व्हायच्या ऐवजी थोडी आणखी आवळल्यासारखी वाटायला लागली. मला वाटलं मनाचा खेळ असेल.

मग प्रत्येकाला येतं ते सगळं सुरू झालं. डिझेल फिल्टर दोन्ही बदलले. टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा फीड पंप असतो, त्याची जाळी काढून धुतली. हातपंपानं एअर काढली. बुडबुडे आले नाहीत. टाकीतला गाळ काढला, टोपणाचं हवेचं भोक साफ आहे का बघितलं. टॅपेट बघितले. क्लच स्लिप नाही याची खात्री केली. चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली, ब्रेक धरून राहत नव्हते. गॅरेजमधल्या एकानं सल्ला दिला की एअर फिल्टरचा एलिमेंट काढून घाट चढवून बघ. तो हात लावायच्या आत मी झाकणावर बसलो. टर्बोच्या पंख्यात घाटातली धूळ आणि खडा गेला की त्या सल्ल्याची किंमत पंधरा-वीस हजार होते. शिवाय हवा कमी पडत असती तर डिझेल न जळता काळा धूर झाला असता, एवढं तर मलाही कळत होतं. धूर नव्हता. हे वाक्य मी तोंडानं बोललो, कानानं ऐकलं, आणि त्याच्या पुढचं वाक्य काही सुचलं नाही.

मग टर्बोवर संशय. पाइप काढून बोटानं शाफ्ट हलवून बघितला: आडवा किंचित, पुढं-मागं जवळजवळ नाही, पंख्याची पाती शाबूत, तेल गळत नाही. हवेच्या होजच्या क्लिपा आवळल्या. साबणाचं पाणी लावलं. कुठं फेस नाही. आता उरला तो इंजिन विकणारा. मी त्याला फोन लावला आणि नको ते बोललो. मेलेलं इंजिन गळ्यात मारलं, मीटर मागं फिरवलेल्या गाडीचं असेल, कॉम्प्रेशन गेलेलं असेल. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "दादा, कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन सकाळी अर्ध्या सेलला लागत न्हाई. मी चालू करून दिलं तवा तुम्हीच व्हिडिओ काढलाय. बसवल्यावर काय जोडलं न् काय न्हाई ते बघा आधी." मी फोन ठेवला. राग यायचं कारण म्हणजे तो बरोबर बोलत होता.

शेवटी पंप काढून चाचांकडं नेला. चाचा म्हणजे कराडातले पंप दुरुस्तीवाले. चाळीस वर्षं मायको कंपनीचे डिझेल पंप उघडतायत. त्यांच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढायची आणि फडकं तंतू सुटणारं नको. त्यांनी पंप टेस्ट बेंचवर चढवला. सहा काचेच्या नळ्यांत डिझेल पडायला लागलं. सगळ्या सारख्या भरत होत्या. वर डायफ्रामची डबी असते, एलडीए म्हणतात ती, तिला त्यांनी नळीनं हवा दिली तर नळ्यांतलं डिझेल लगेच वाढलं. नोझलही तपासले, दोनच जरा खाली होते, ते सेट केले. बिल साडेसहा हजार. चाचा म्हणाले, "पंप एक नंबर आहे. आजार दुसरीकडं आहे. तुझा लिव्हर शेवटपर्यंत जातो का?"

"जातो की. पाय तळाला टेकतो."

"पाय टेकतो हे मी विचारलं न्हाई. लिव्हर टेकतो का?"

पंप परत बसवला, टायमिंग घेतलं. मग क्लीनरला पाय तळाला दाबून धरायला सांगितलं आणि केबिनमधलं इंजिनचं झाकण उचलून मी बॅटरी घेऊन वाकलो. पंपाच्या बाजूला लिव्हर असतो, त्याच्या पुढं एक स्क्रू असतो, सीलबंद. पूर्ण रेस म्हणजे लिव्हर त्या स्क्रूला टेकला पाहिजे. मधे माझी करंगळी आरामात गेली. क्लीनर वरून ओरडत होता, "पूर दाबलाय मालक!" आणि खाली ती फट तशीच. जुन्या गाडीचा रॉड, जुन्या गाडीचं पॅडल, नव्या पंपाचा लिव्हर. तिघांची कधी भेटच झालेली नव्हती. रॉड लिव्हरच्या बाहेरच्या भोकात अडकवला होता. आतल्या भोकात घेतला तर तेवढ्याच ओढीत लिव्हर जास्त फिरतो. पॅडलखाली अण्णांच्या काळातली रबरी मॅट एकावर एक दोन होत्या, त्यातली एक कापून टाकली. आयडलला रॉडची लांबी पुन्हा जुळवली. आता फट गेली.

चाचांकडून आरपीएम मोजायचं हातातलं यंत्र आणलं होतं, पुलीवर चमकी पट्टी चिकटवून. आधी पाय तळाला असताना इंजिन एकवीसशेवर थांबत होतं. आता सव्वीसशेपर्यंत गेलं. तेव्हा मला ती पीयूसीची पावती आठवली. कप्प्यातून काढली, तेलाचे डाग पुसले. धुराच्या आकड्याच्या वर, बारीक अक्षरात, प्रत्येक रेसचा सर्वात जास्त आरपीएम छापला होता. २१००, २११०, २१००. इंजिनाला पूर्ण श्वासच घेऊ दिला नव्हता आणि वर आम्ही त्याच्या स्वच्छ श्वासाचं कौतुक करत होतो.

त्या दिवशी मी पेढे वाटले. दोन दिवसांनी ते अंगाशी आले.

सपाटीवर गाडी बदलली होती यात शंका नाही. पाटणच्या सरळ रस्त्यावर टॉपमध्ये नीट पळाली. पण भरून पोफळीच्या वर आली आणि पुन्हा दुसऱ्यात बसायला लागली. पहिला. ठोकळा. मागं एसटी. बहुतेक तीच एसटी असावी असं मला वाटायला लागलं होतं.

चाचा यावर हसले नाहीत. म्हणाले, पंपात इंजिनाची गती सांभाळणारा गव्हर्नर असतो, आणि या जातीच्या गव्हर्नरात लिव्हर गतीची हद्द ठरवतो, डिझेलचं माप नाही. एकवीसशेच्या वर जायला इंजिनाला मनाई होती, ती आपण उठवली, म्हणून सपाटीला फरक पडला. घाटात इंजिन सोळाशे-सतराशेवर ओढतंय, तिथं ती हद्द लागतच नव्हती. तिथं गव्हर्नर आपणच जेवढं देता येईल तेवढं देतो. ते पोचतंय का बघ. मी म्हटलं फिल्टर नवीन आहेत, एअर नाही. त्यांनी सांगितलं, कॅन बांध.

ही तपासणी मला आधी कुणी सांगितली असती तर दोन महिने वाचले असते. वीस लिटरचा कॅन स्वच्छ धुऊन त्यात ताजं डिझेल भरलं. फीड पंपाची टाकीकडून येणारी नळी सोडली आणि त्या जागी डिझेलचीच चांगली नळी लावून ती सरळ कॅनमध्ये सोडली. परतीच्या नळीलाही कॅनमध्ये वाट करून दिली, नाहीतर कॅन रिकामा होतो आणि टाकी भरते. कॅन केबिनमध्ये क्लीनरच्या बाजूला दोरीनं आवळून बांधला. अण्णा म्हणाले मी येतो. नको म्हटलं, गुडघे. "बसायचंच हाय नं?" ते कॅन दोन पायांत धरून बसले, एक हात दोरीवर, आणि संपूर्ण रस्ताभर कुणालाही बिडी ओढू दिली नाही. आमच्यात बिडी फक्त तेच ओढतात.

चिरे भरून आम्ही चढायला लागलो. पहिलं वळण दुसऱ्यात. दुसरं वळण दुसऱ्यात. तिसऱ्याला थोडी बसली, पण पहिला मागितला नाही. अण्णा कॅनकडं बघत होते, मी रस्त्याकडं. वर कोयनानगरला पोचल्यावर ते म्हणाले, "म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंत कुठंतरी." मग थोडं थांबून, "पर अजून पुरतं न्हाई." मला तेवढ्यावरच समाधान मानायचं होतं. ते माणूस मानू देत नाही.

गॅरेजला येऊन टाकीकडून लाइन काढत आलो. चेसिसला चिकटून जाणारी लोखंडी नळी साफ होती, फुंकर मारली की आरपार. पण नव्या पंपाचा फीड पंप जुन्यापेक्षा जरा वेगळ्या जागी होता, तिथं लोखंडी नळी पोचत नव्हती, म्हणून मेस्त्रींनी ती कापून पुढं दीड फूट रबरी नळी जोडली होती. बाहेरून बघाल तर नवीकोरी. वाकवली तर तडा नाही. मी फुंकर मारली, हवा गेली. उलट बाजूनं तोंडानं ओढली, तर ओढताना एकदम जिभेला काहीतरी अडल्यासारखं झालं आणि नळी आतून मिटली. सोडली की पुन्हा मोकळी.

ब्लेडनं ती उभी चिरली. आतला काळा थर डिझेलनं फुगून सुटला होता, दुधावरच्या सायीसारखा, एका कडेला चिकटलेला आणि दुसरीकडून लोंबणारा. बोटानं उचलला तर पूर्ण नळीभर जीभ तयार झाली होती. आयडलला फीड पंप हळू ओढतो, तेव्हा ती बाजूला पडून राहायची. सपाटीला काम चालायचं. घाटात मागणी वाढली, ओढ वाढली की जीभ वर उठून वाट बंद करायची. हातपंप मारताना आपण कधी तेवढं जोरात ओढत नाही, म्हणून एअरही दिसली नाही आणि अडथळाही नाही. नळी पाण्याची होती की हवेची कुणास ठाऊक. डिझेलची नव्हती. मेस्त्री ती बघून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुकानदारानं डिझेलची म्हणून दिली." ते खरंही असेल. नवी नळी लावायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

दिवसेंदिवस गाडी आवळत चाललीय हा माझा भास नव्हता तर. थर हळूहळू फुगत होता. पण अण्णांनी इथं अचूक बोट ठेवलं. म्हणाले, ही नळी पहिल्या दिवशी नवी होती. नवी असतानासुद्धा गाडी पहिल्या फेरीलाच बसली होती. मग ते दुखणं कोणाचं? मी म्हटलं लिव्हरचं. चाचांनी तर सांगितलंय की घाटात लिव्हरचा संबंध नाही. मग?

गाडी आता दुसऱ्यात घाट चढत होती, जुन्या इंजिनासारखी. पण टर्बोला एवढे पैसे घालून जुन्या इंजिनासारखीच चालली तर उपयोग काय. आणि अजूनही धूर नव्हता. चढाला, कमी गतीत, एकदम पाय दाबला की टर्बोची गाडी क्षणभर काळं टाकते, मग टर्बो पकडतो आणि साफ होते. रस्त्यावर अशा शेकडो गाड्या मी मागून बघितल्या होत्या. आमची ते कधीच करत नव्हती. हे मी चाचांना फोनवर सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच पहिल्यांदा विचित्र वाटलं.

"किती दिवस झालं हे?" चाचांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि तू आत्ता सांगतोस? अरे बाळा, भरलेल्या गाडीला घाटात धूरच न्हाई ही शाबासकी न्हाई, तक्रार आहे. डिझेलच कमी जळतंय तर धूर कुठला? त्या डबीला येणारा पाइप बघ."

"चाचा, डबी तर तुम्ही टेबलावर चालवून दाखवली."

"टेबलावर हवा मी दिली होती, माझ्या कॉम्प्रेसरनं. गाडीत ती कोण देतंय?"

प्रकरण असं आहे. टर्बोची गाडी कमी गतीत असताना टर्बो हवा भरत नसतो. तेव्हा पंपानं पूर्ण माप दिलं तर नुसता धूर होईल. म्हणून पंपावर ती डायफ्रामची डबी असते. इनटेक मॅनिफोल्डमधून एक पेन्सिलीएवढा बारीक पाइप तिला येतो. मॅनिफोल्डमध्ये टर्बोचं प्रेशर वाढलं की ते त्या पाइपातून डबीत जातं, डायफ्राम दबतो, आणि पंपाला निरोप मिळतो की हवा आली, आता माप वाढव. निरोप आलाच नाही तर पंप जन्मभर बिनटर्बोच्या मापानं देत राहतो. डिझेल कमी म्हणून सायलेन्सरकडं जाणारी गरमी कमी, गरमी कमी म्हणून टर्बो कमी फिरतो, कमी फिरला म्हणून हवा कमी. इंजिन टर्बोचं, आणि चाल बिनटर्बोच्या इंजिनाची, तीही जरा कमीच.

पाइप जागेवर होता. दोन्ही टोकांना नीट आवळलेला, रंगवलेला, सुंदर. त्यामुळंच कुणी त्याला हात लावला नव्हता. पंप काढताना डबीकडचं टोक सोडलं होतं, मॅनिफोल्डकडचं टोक तसंच राहिलं होतं. डबीकडून सोडून फुंकर मारली. हवा गेलीच नाही. मॅनिफोल्डवरचा बॅन्जो बोल्ट उघडला. हा पोकळ बोल्ट असतो, त्याला आडवं बारीक भोक असतं, त्यातून हवा पाइपात जाते. आमच्या बोल्टाचं ते भोक दिसतच नव्हतं. करड्या सिलिकॉननं गच्च भरलं होतं आणि वरून चकचकीत झालं होतं. हवा लीक होऊ नये म्हणून कुणीतरी तांब्याच्या वॉशरच्या दोन्ही बाजूंना प्रेमानं सिलिकॉन लावून बोल्ट आवळला होता, आणि आवळताना ते दाबलं जाऊन आत गेलं होतं. बसवताना आमच्याकडं झालं की विकणाऱ्याकडं रंगवताना, ते मी विचारलं नाही. विचारण्याची माझी बाजू आता तेवढी भक्कम राहिली नव्हती.

आईकडं अजून स्टोव्ह आहे, पावसाळ्यात गॅस संपला की निघतो. त्याची पिन आणली. भोकात घातली तर करडा धागा वळत वळत बाहेर आला, भाताच्या शितापेक्षा लहान. तो मी कागदात गुंडाळून ठेवला होता, नंतर कुठं गेला माहीत नाही. बोल्ट डिझेलमध्ये धुतला, पाइप फुंकला, दोन नवे तांब्याचे वॉशर टाकले. वॉशरचे वीस रुपये. सिलिकॉन लावलं नाही.

त्या खेपेला मी अण्णांना घेऊन गेलो नाही, कारण ते आधीच केबिनमध्ये जाऊन बसले होते. चिपळूणला चिरे भरले, काटा केला, दहा टनांच्या आतबाहेर माल. पोफळी सोडून चढ लागला. दुसऱ्यात पाय दाबला, आरशात बघितलं. मागं काळा फुगा उठला, विरला, आणि त्याच क्षणाला डॅशबोर्डाखालून एक बारीक शीळ चढत गेली. टर्बोचा तो आवाज इतके दिवस गाडीत आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. गाडीनं पुढं रेटा दिला. वळण संपलं तसा मी तिसरा टाकला, आणि तो तिसरा पुढच्या वळणापर्यंत टिकला.

अण्णांनी आरशातच बघत बिडी शिलगावली. मी काही बोललो नाही.

इंजिन विकणाऱ्याला त्याच रात्री फोन केला. माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "काय निघालं?" सांगितलं. तो म्हणाला, "सिलिकॉन. दरवेळी सिलिकॉन," आणि मला विचारलं की तुमच्याकडं ६९७ चा जुना बिनटर्बोचा पंप पडून असेल तर विकणार का. विकला. पाच हजार आले.

आता दर सर्व्हिसला मी स्वतः वाकून लिव्हर स्क्रूला टेकतो का ते बघतो. क्लीनर वरून "पूर दाबलाय" म्हणाला तरी.

सहा महिन्यांनी पुन्हा पीयूसीला गेलो. तोच पोरगा. नळी घातली, रेस मारून घेतली. पावती आली तर मी आधी आरपीएमची ओळ शोधली: २६१०, २६००, २६१०. धुराचा आकडा मर्यादेच्या बराच आत, पण मागच्यापेक्षा चढलेला होता. पोरानं दोन्ही पावत्या शेजारी धरल्या आणि मान हलवली.

"मालक, मागच्या वेळी काय झकास होती. इंजिन उतरायला लागलं बघा."

मी त्याला चहा सांगितला.